झाडू कोणाच्या हातात आहे, ते आधी बघा

ताई, सप्रेम जयभीम.

मी चाळीसगावला राहते, माहेर साक्री तालुक्यातलं. मिस्टर रेल्वेत क्लार्क आहेत. मुलगी येत्या जूनला पहिलीत जाईल. गावाबाहेर एका बौद्ध ट्रस्टने दोन वर्षांपूर्वी प्राथमिक शाळा काढली आहे, चौथीपर्यंत. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकवतात. सकाळी वंदना, पंचशील, दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देत शांत बसणं, मग वर्ग. मुलं रोपं लावतात, ओल्या कचऱ्याचं खत करतात, डबा खाऊन झाला की जागा पुसतात. पाळीपाळीने वर्ग झाडतात आणि शौचालयसुद्धा धुतात. पालकसभेत ट्रस्टच्या लोकांनी थायलंडमधल्या एका बांबूच्या शाळेचा व्हिडिओ दाखवला. म्हणाले, आपल्याला असं काहीतरी करायचं आहे.

सासूबाईंना शाळा पसंत आहे. मलाही आवडली. मिस्टर मात्र ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, "माझ्या बापाने उभी हयात फलाट झाडले म्हणून मी खुर्चीत बसलो. माझी पोर फी भरून झाडू मारायला जाणार? बाबासाहेबांनी शिका म्हटलं, खत करा नाही म्हटलं." त्यांना तिला इंग्लिश मीडियमला घालायचं आहे. घरात आम्ही अहिराणी बोलतो, तिला मराठीच अजून नीट येत नाही. दोन-दोन भाषा एकदम कशा जमतील, ही भीती मलाही आहे. शेजारची मैत्रीण मराठा समाजाची आहे. ती विचारते, माझ्या मुलाला घातलं तर त्याला वंदना म्हणावीच लागेल का? घरात रोज वाद होतो. काय करू?

– एक आई, चाळीसगाव

प्रिय ताई, जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "फी भरून झाडू मारायला जाणार?" तुमच्या मिस्टरांवर रागावू नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न त्यांनी विचारला आहे, आणि शाळेने त्याचं उत्तर दिल्याशिवाय तुम्ही प्रवेशअर्जावर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी ज्या घरात जन्मले तिथे मुलीने अंगण झाडलं की "किती गुणाची पोर" म्हणायचे. माझ्या हातातला झाडू म्हणजे संस्कार होता. तुमच्या सासऱ्यांच्या हातात तो जातीने दिला होता आणि तो खाली ठेवायला एक पिढी खर्ची पडली. वस्तू तीच, पण दोन घरांत तिचा अर्थ अगदी उलटा. श्रमप्रतिष्ठेवर भाषण करणारे बहुतेक लोक माझ्यासारख्या घरांतून आलेले असतात. म्हणून त्यांना हा फरक दिसत नाही. मलाही फार उशिरा दिसला.

कसा दिसला ते सांगते. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. "मुलांनो, वर्ग झाडून घ्या" असं मी रोज म्हणायचे आणि उठायच्या त्या मुली. त्यांतही ठरावीक तीन-चार. त्या कोणत्या वस्तीतून येतात हे मला ठाऊक होतं. मी कोणाचं नाव घेऊन सांगत नव्हते, म्हणून माझा काही दोष नाही असं समजत होते. एक दिवस त्यांतल्या एकीची आई दारात येऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारलं, "बाई, मनीच (माझीच) पोर रोज का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली, मुलगे-मुली सगळे, आणि यादीत पहिलं नाव माझं. पहिल्याच आठवड्यात दोन पालक भांडायला आले. "आमच्या पोराला झाडायला लावता?" इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरी झाडत होत्या, तेव्हा यांतलं कोणी आलं नव्हतं.

तेव्हा शाळेत जा, पण पालकसभेला नको. सभेला सगळ्या शाळा सुंदर दिसतात. मधल्याच एखाद्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी जा. पाळीचा तक्ता मागा. त्यात सगळ्या मुलांची नावं आहेत का बघा. शिक्षकांची आहेत का? मुख्याध्यापकांचं आहे का? ट्रस्टचे पदाधिकारी शाळेत येतात त्या दिवशी त्यांच्या हाताला काय काम असतं, हे विचारा. आणि शौचालयाबद्दल मी जास्तच काटेकोर आहे. पहिली-दुसरीच्या लेकरांनी शौचालय धुवू नये. ॲसिड, फिनेल हाताळण्याचं ते वय नाही. आपल्यानंतर भरपूर पाणी टाकणं आणि हात धुणं एवढं त्यांनी शिकावं, पुष्कळ झालं. शाळेत सफाईला पगारी माणूस असावा, त्याला हातमोजे-बूट असावेत आणि मुलांनी त्याला काका किंवा मावशी म्हणावं. तो माणूस कुठे बसून जेवतो, हेही नजरेने टिपून ठेवा. सफाई कामगार ठेवायला नको म्हणून पाळ्या लावल्या असतील, तर त्या पैसे वाचवण्यासाठी आहेत. त्यांना शिक्षण म्हणू नका.

झाडूनंतर पाण्याची टाकी बघा.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून ओतलं तरच पाणी, शिपाई नसला तर दिवसभर तहानलेलं. तोच मुलगा मोठा होऊन २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळीने पाणी प्यायला. पाणी हा पर्यावरणाचा विषय असेल, तर आपल्या मुलांसाठी त्याचा पहिला धडा महाडचा आहे. पाणी किती आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कोणाला मिळतं आणि कोण अडवतं, हेही. तुमचे मिस्टर म्हणतात बाबासाहेबांनी खत करा म्हटलं नाही. बरोबर आहे. पण पाणी, जमीन, गावठाणाबाहेरची वस्ती, कोणाच्या दारात उकिरडा टाकला जातो, हे सगळे प्रश्न त्यांनीच आपल्यापुढे ठेवले. 'पाणी वाचवा' म्हणून भिंत रंगवायची आणि महाडचं नाव घ्यायचं नाही, असं जर त्या शाळेत असेल तर पर्यावरणही अर्धं आणि धम्मही अर्धा.

साक्रीच्या लेकीला मी फड पद्धत काय समजावणार? पण तुमच्या मुलीला ती कोणी सांगितली आहे का? पांझरा नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी कमी फड भिजवायचे, म्हणजे तोटा कोणा एकाच्या डोक्यावर पडत नाही. काही शतकं आपल्या खानदेशात हे चाललं. यापेक्षा चांगला धडा कुठल्या परदेशी पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही. फक्त धडा इथे संपवायचा नाही. मुलांना पुढचा प्रश्नही विचारायचा: ज्याची फडात जमीनच नव्हती, त्याला या पाण्यात वाटा होता का? सात-आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न कळतो. मी वर्गात विचारला आहे. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर उत्तर देतात.

आता चाळीसगाव. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत फुगल्या, बाजारपेठेत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तुमची लेक तेव्हा दीडेक वर्षाची असेल, तिला आठवणार नाही. पण ज्या गावात ती वाढते आहे त्या गावाची ती गोष्ट आहे. शाळेत पर्यावरण शिकवतात म्हणजे ध्रुवावरच्या अस्वलाचं चित्र रंगवून घेतात, की मुलांना तितूरच्या काठावर नेतात? नदीच्या पात्रात काय काय बांधलं आहे, नाल्यात प्लास्टिक कुठून येतं, डोंगरावर झाड नसलं की पाऊस खाली कसा धावत येतो, हे दाखवतात का? गटारीतला गाळ आपल्या गावांत ठरलेल्याच माणसांच्या वाट्याला येतो, हेही तिथेच काठावर उभं राहून सांगता येतं. आणि रोपं लावतात म्हणता, तर मेमध्ये त्यांना पाणी कोण घालतं ते विचारा. जूनमध्ये फोटो काढून लावलेलं रोप आपल्याकडचा उन्हाळा बघत नाही.

उन्हाळ्यावरून आठवलं. वर्गखोल्यांचं छप्पर कशाचं आहे? पत्र्याचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची करतात का, हे विचारूनच या. आपल्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर असायचा, दुपारीसुद्धा आत गारवा. ते ज्ञान शेजारच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांकडे अजून आहे. पर्यावरणाची शाळा हिरव्या रंगाच्या पत्र्याखाली मुलांना भाजत असेल, तर तो रंग काय कामाचा?

त्या थायलंडच्या शाळेबद्दल. व्हिडिओ बहुधा चियांग माईजवळच्या पन्याडेन शाळेचा असणार. ठोकून बसवलेल्या मातीच्या भिंती, बांबूची मोठी छपरं, थाई आणि इंग्रजी दोन्ही भाषा, आणि रोजच्या वागण्यासाठी त्यांनी ठरवलेल्या बारा चांगल्या सवयी. २०१७ मध्ये त्यांनी खेळांसाठी अख्खं सभागृह बांबूचं उभारलं. काम खरंच बघण्यासारखं आहे. पण दोन गोष्टी मनात ठेवा. एक, थायलंडमध्ये बौद्ध बहुसंख्य आहेत. तिथे बौद्ध मूल्यं म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी विचार करून, बावीस प्रतिज्ञा घेऊन हा धम्म स्वीकारला. त्या स्वीकारात समता आधी आहे, शांत बसणं नंतर. दोन, तिथली मुलं झाडू घेतात तेव्हा त्यांच्या पाठीशी तुमच्या सासऱ्यांचा फलाट नसतो. म्हणून तिथलं काही उचलायचंच तर बांधकामाची समज उचलावी. बाकीचं आपलं आपल्याला घडवावं लागेल. ट्रस्टच्या लोकांना हे समजलं आहे का, हे त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात की कळेल.

बौद्ध विचार आणि निसर्ग यांची सांगड ओढूनताणून घातली आहे का, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मिस्टरांच्या मनात तो आहे असं मला वाटतं. नाही, ओढूनताणून नाही. वर्षावासच घ्या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी का राहायचं? विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, कारण दिलं आहे. लोक तक्रार करत होते की पक्षीसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटं करून राहतात, आणि हे श्रमण हिरवं गवत तुडवत, बारीक जिवांना मारत हिंडतात. ती तक्रार ऐकून नियम झाला. आपल्या भागात हेच कपाशीचे महिने. विहारात ग्रंथवाचन चालू असतं आणि बाहेर शेतात कोवळं पीक उभं असतं. तुमच्या मुलीला हे एकदा नीट सांगितलं तर पावसाळ्यात गवतावर पाय देताना ती खाली बघेल.

दुसरी गोष्ट मला त्याहून प्रिय आहे. विनयातल्याच चुल्लवग्ग या भागात येते. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, दिली. राजाला राग आला, एवढी चीवरं घेऊन हा काय दुकान मांडणार आहे का? त्याने आनंदालाच विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं झिजली आहेत त्यांना वाटणार. मग जुन्यांचं काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादनं करू. आणि जुन्या आच्छादनांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरू. त्याही फाटल्या तर? पायपुसणी. पायपुसण्यांचं? झटकायची फडकी. आणि फडकी झिजली की? कुटून, मातीत मळून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं, त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

ताई, ही गोष्ट तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवा. लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं, आणि पोतेरं शेवटी सारवणाच्या शेणमातीत. कोणी शिकवलं होतं त्यांना? आपल्या घरांत हे गरिबीने शिकवलं असं आपण समजतो आणि लाजतो. आनंदाने तेच राजासमोर मान ताठ ठेवून सांगितलं. कचरा हा विषय शिकवायला ट्रस्टने बाहेरून कोणी तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. सासूबाईंना सुई-दोरा आणि जुनी लुगडी घेऊन एक दिवस तिसरीच्या वर्गात बसवा. मुलांना मोजायला लावा, एका लुगड्याला किती जन्म मिळतात. शाळा यासाठी "हो" म्हणते की "बघू" म्हणते, त्यावरूनही बरंच कळेल.

सहलीचं विचारा. पाटणादेवीच्या जंगलातून वर पितळखोरा आहे, चाळीसगावच्या मुलांना घरचीच जागा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची ती लेणी. तिथे एक यक्ष सापडला, त्याच्या हातावर अक्षरं कोरलेली होती: कण्हदास सोनाराने घडवला. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घडवणाऱ्याचं नाव घडवलेल्या मूर्तीच्या हातावर! श्रमाची प्रतिष्ठा मला तिथे दिसते, कारण ज्याने काम केलं त्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. आजूबाजूला गौताळ्याचं अभयारण्य आहे, दरी आहे, पावसाळ्यात धबधबा. धम्म आणि जंगल एकाच दिवसात, एकाच पायवाटेवर. धुळ्याकडे लळिंगला लांडोर बंगल्यावर ३१ जुलैची भीमस्मृती यात्रा तुम्ही माहेरी असताना केलीच असेल. १९३७ मध्ये बाबासाहेब जिथे मुक्कामाला होते तो बंगला आणि भोवतीचं कुरण मुलांना एकत्र दाखवावं. अशा जागा सोडून शाळा सहल वॉटर पार्कला नेत असेल तर मला वाईट वाटेल.

आनापानाबद्दल थोडंसंच. सरकारी शाळांतही 'मित्र उपक्रम' म्हणून ते आलं आहे, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. पण इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतही मुलांची आनापान शिबिरं साधारण आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असतात. सहा वर्षांच्या पोरीला दहा मिनिटं डोळे मिटवून बसवणं जास्त होतं. दोन-तीन मिनिटं पुरेत, आणि डोळे उघडले म्हणून कोणी ओरडता कामा नये. पंचशील मात्र अर्थासकट शिकवतात का ते बघा. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापदं समादियामि' येतं. म्हणजे हा शिकण्याचा नियम मी स्वतः स्वीकारतो आहे. सिक्खा म्हणजेच शिक्षा, शिक्षण. त्यात धाक नाही, सराव आहे. मिस्टरांना सांगा, 'शिका' हा शब्द वंदनेत रोज पाच वेळा येतो.

आता भाषेचं. इथे माझं तुमच्यापेक्षा वेगळं म्हणणं आहे. तुम्ही लिहिता दोन भाषा. तुमच्या लेकीच्या तीन आहेत, आणि पहिली अहिराणी आहे. ती मोजायची राहून गेली.

माझ्या वर्गात एक पोर तीन महिने बोलली नव्हती. एकही शब्द नाही. मी तिला मंद समजायला लागले होते. एक दिवस पटांगणाच्या कडेला दगडगोट्यांत अंडी सापडली आणि ती ओरडली, "बाई, हाई टिटवीनं शे!" पुढे सांगायलाच लागली, टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते, जवळ गेलं की कालवा करते. अख्खा परिसर अभ्यास तिच्या तोंडी होता. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "'हे टिटवीचं आहे' असं म्हण." ती पुन्हा गप्प झाली. पुढे बोलती करायला मला दिवाळी उजाडली. ते एक वाक्य मागे घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

म्हणून शाळेत बाईंना हे विचारा: मूल अहिराणीत बोललं तर तुम्ही काय करता? "हळूहळू सुटते सवय" असं उत्तर आलं तर सावध व्हा. "आम्ही त्यातच उत्तर देतो, मग मराठी शब्द सांगतो, मग इंग्रजी" असं आलं तर मला त्या बाईंना भेटायला आवडेल. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला आधी समजलं, की तोच विचार दुसऱ्या भाषेत न्यायला फार वेळ लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं, असंच म्हटलं आहे. पोरीला प्रश्न पडायला हवा, "पानी कोठे जास?" तो अहिराणीत पडला तर काय बिघडलं? उत्तर शोधताना ती 'ओढा' शिकेल, 'स्ट्रीम' शिकेल.

इंग्रजीबद्दल मिस्टरांची घाई मला कळते. इंग्रजी ही आपल्या मुलांसाठी शोभेची वस्तू नाही. नोकरीची, कोर्टाची, विद्यापीठाची किल्ली आहे, बाबासाहेबांनीही तीच हातात घेतली. त्यामुळे 'मातृभाषा' म्हणत इंग्रजी कच्ची ठेवणाऱ्या शाळेच्या बाजूने मी कधी उभी राहणार नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना तुमच्यासमोर एखादी अनोळखी गोष्ट इंग्रजीतून वाचायला सांगा आणि काय वाचलं ते मराठीत विचारा. पाठ केलेली कविता ऐकू नका, ती सगळेच म्हणतात. वाचलेलं समजलं असेल तर शाळा दोन भाषांची आहे. नुसते उच्चार येत असतील, तर पाटीवर काय लिहिलं आहे त्याला अर्थ नाही. हीच परीक्षा गावातल्या इंग्लिश मीडियमच्या मुलांचीही घ्या, मिस्टरांसमोर. तिथे पोरं धडाधड वाचतात, पण अर्थ विचारला की बरीचशी खिडकीबाहेर बघतात, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. काही शाळा खरंच चांगल्या असतात, त्या याच परीक्षेत दिसतील.

कागदपत्रं तपासा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. मान्यतेचं पत्र आणि यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पडताळून घ्या. शिक्षकांचं डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) विचारा. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं, देणगी मागणं हे कायद्यात बसत नाही. ट्रस्टची शाळा अल्पसंख्याक संस्था म्हणून नोंदलेली असेल तर २५ टक्के मोफत जागांची तरतूद तिला लागू होत नाही. मग गरीब घरातल्या मुलांसाठी त्यांनी स्वतःहून काय ठेवलं आहे, हे नक्की विचारा. करुणा हा शब्द माहितीपत्रकावर असेलच. आणि चौथीनंतर काय? पाचवीला सेमी इंग्रजीची चांगली शाळा जवळ आहे का, हे आजच बघून ठेवा.

तुमच्या मैत्रिणीला सांगा, बिनधास्त घाल. संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला बसवता येत नाही. तिने तसं लेखी द्यावं. त्या वेळात तिचा मुलगा एकटा व्हरांड्यात उभा राहतो की त्याला दुसरं काही आवडीचं काम असतं, हे मात्र बघावं. व्हरांड्यात उभं राहणं काय असतं, हे तुमच्या-माझ्या शाळांपेक्षा त्या शाळेला जास्त कळायला हवं. आणि खरं सांगू? एका मराठा घरातली आई बौद्ध ट्रस्टच्या शाळेबद्दल मनापासून चौकशी करते, हे वाचून मला फार बरं वाटलं. दोघींची लेकरं एका पाळीत झाडू घेणार असतील, एका माठातलं पाणी पिणार असतील, तर तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

माझा कौल विचाराल तर शाळेकडे आहे. पाळीचा तक्ता खरा निघाला, शौचालयाला पगारी माणूस असला, आणि तिसरीच्या पोरांना वाचलेलं समजत असलं, तर घाला. यांतली पहिली गोष्ट खोटी निघाली तर बाकी कितीही चांगलं असो, घालू नका, आणि का घातलं नाही ते ट्रस्टला पत्राने कळवा. आपल्याच माणसांनी काढलेली शाळा आहे, म्हणून गप्प बसू नका. आपल्या माणसांची आहे म्हणूनच बोला.

घरचा वाद थांबवायला एवढंच करा, की तुम्ही एकट्या जाऊ नका. मिस्टरांच्या सुटीचा वार बघा, शाळेचा चालू दिवस असेल असा, आणि त्यांना सोबत न्या. वर्ग, बाग, खताचा खड्डा नंतर. आधी त्यांना शौचालयाकडे जाऊ द्या आणि तिथे जो कोणी काम करत असेल त्याच्याशी बोलू द्या. सासरे येत असतील तर त्यांनाही न्या. ती जागा नीट आहे की नाही, हे त्या दोघांइतकं कोणाला कळणार?